शिवेवरचे देव : मातामाय ते वनहक्काचा दावा

विदर्भातल्या जुन्या गावांत शिरताना गुरे जमण्याच्या जागेजवळच्या, म्हणजे आखराजवळच्या कडुनिंबाखाली मातामाय दिसते. तिला बहुधा मूर्ती नसते. ओळीने मांडलेले पाच-सात दगड, त्यांवर मूळ दगड बोटाला लागू नये इतका जाड शेंदूर, पुढ्यात हिरव्या बांगड्या, सुकलेले लिंबू आणि सकाळी घातलेल्या पाण्याची ओल, एवढेच तिचे रूप. देवी या रोगाची साथ आली की आजाऱ्याच्या अंगावरून निंबाची डहाळी फिरवीत आणि तो बरा झाला की मातामायला थंड पाणी घालीत. भारत १९७७ साली देवीमुक्त जाहीर झाला, तरी हे पाणी घालणे थांबलेले नाही. म्हणून या पूजेला निव्वळ रोगाच्या भीतीतून आलेली म्हणणे मला अपुरे वाटते. गावकऱ्यांचे नाते त्या जागेशीच आहे.

जागेलाच पवित्र मानण्याची ही रीत मराठीच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांतही आढळते. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहिले आणि पुढे तेथेच म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ, लीळाचरित्र, सिद्ध केला. चक्रधरांच्या महानुभाव पंथाने इतर देवतांची पूजा नाकारली. परंतु चक्रधरस्वामी जेथे बसले, निजले, जेवले ती ठिकाणे मात्र त्याने जिवापाड जपली, त्यांवर ओटे बांधले आणि कोणते स्थान कोठे व कोणत्या दिशेला आहे याची नोंद स्थानपोथीत करून ठेवली.

मेळघाटातल्या कोरकू गावांत मुठव्याची, म्हणजे गावदेवाची, जागा झाडाखालीच असते आणि तिची पूजा भूमका, म्हणजे गावचा पुजारी, करतो. गडचिरोलीतील माडिया गोंडांत पंडुम, म्हणजे नवे फळ आधी देवाला वाहण्याचा विधी, झाल्याशिवाय नवे फळ तोंडात घालत नाहीत.

इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या, त्या प्रामुख्याने लाकूड आणि महसूल यांच्या हिशेबाने. ज्या झाडाखाली गावाचा देव होता, ते झाडही त्या हिशेबात सरकारी लाकूडच ठरले आणि तेथवर जाणे ही परवानगीची बाब झाली. हा अन्याय जवळजवळ सव्वाशे वर्षे टिकला, हे विसरता येत नाही.

२००६ चा वनहक्क कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम यांमुळे चित्र बदलू लागले. जंगलावरच्या हक्काच्या दाव्याच्या पुराव्यांत जुन्या विहिरी व दफनभूमी यांच्या बरोबरीने पवित्र स्थळांचा उल्लेख नियमांतच आला आणि वडीलधाऱ्यांच्या लेखी जबाबालाही स्थान मिळाले. २००९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हापासून दाव्याचा नकाशा काढायला बसलेल्या ग्रामसभेत देवाच्या दगडाची जागा दाखवणाऱ्या म्हाताऱ्याचे बोलणे कागदावर उतरवून घेतले जाऊ लागले.