वगाचा सिनेमा झाला तेव्हा : पार्श्वभूमी

पन्नास-साठच्या दशकातला तमाशापट नाशिकमध्ये कुठे लागला की प्रेक्षकांत दोन तट पडतात. नैताळ्याच्या यात्रेत तमाशाचे फड बघत वाढलेले म्हणतात, ‘हा कसला वग?’ वग म्हणजे तमाशातलं कथानाट्य. बाकीच्यांना तो पडद्यावर दिसतो एवढाच वाटतो.

फडाचा क्रम इथे सांगत बसत नाही. वग तमाशात उशिरा आला. ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात, साल १८६५. पेशवाई बुडून तोवर ४७ वर्षं झाली होती. सिनेमाच्या बाजूने नाशिकचा मान मोठा, पण १९१८ साली इथे उभ्या राहिलेल्या चित्रपट कंपनीचा ओढा पौराणिकाकडे. एक साम्य मात्र आहे. १९१३च्या पहिल्या कथापटात राणीचं काम पुरुषाने केलं, आणि फडात नाच्या तेच करत आला होता.

खरी गोम स्वातंत्र्यानंतरची. १९४८च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. त्याच्या जरा आधीच एका शाहिराच्या आयुष्यावरचा चित्रपट गाजला होता. म्हणजे तमाशा पडद्यावर चालत होता, कनातीत नको होता. ओरड झाली, बंदी उठली, पण अट आली : वगाची संहिता आधी लिहून द्या, तपासून घ्या, मग खेळ करा. १९५४पासून रंगभूमीच्या परिनिरीक्षणासाठी मंडळच बसलं. कागदावर ही अट साधी दिसते. पण वग लिहिलेला नसायचाच. फडाच्या प्रमुखाला, म्हणजे सरदाराला, कथा आणि पदं पाठ, मधलं सगळं हजरजबाबावर. सोंगाड्या, म्हणजे फडातला विनोदी नट, त्या गावचा पाटील, तिथली सोसायटी, पुढ्यात बसलेला सावकार बघून बोलायचा. उद्या रात्री काय बोलणार हे आज लिहून द्यायचं कसं? परवानगी मागणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले, अनेकांना अक्षरओळख नाही. लिहून द्यायला शहरातला लेखक आला आणि त्याच्याबरोबर त्याची चवही. मुंबईतल्या गिरणगावच्या कामगार कलापथकांनाही याच काळात सरकारी रोष सोसावा लागला, तेव्हा सगळा राग चावटपणावरच होता असं मानणं जड जातं.

बंदीच्या बाजूने बोलणारेही होते. बारीतल्या, म्हणजे लावणी सादर करणाऱ्या संचातल्या, बायकांचं शोषण खरंच होतं, आणि दौलतजादा, म्हणजे त्यांच्यावर उधळलेले पैसे, ही काही कौतुकाची फुलं नव्हती. पण संहिता तपासून ते थांबणार नव्हतं, थांबलंही नाही.

तमाशापट आले ते या चाळणीतून निघालेल्या वगावर. १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात १३१ आठवडे चालला, मग रांगच लागली. पडद्यावर गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशस्तवन, बहुधा आटोपता; बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, दोन-चार वाक्यांची. लावणीत ढोलकीसोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट येतात. कडेला झिलकरी, म्हणजे मागे सूर धरणारा साथीदार, कानावर हात ठेवून उभा दिसतो, पण त्याचा ‘जी जी रं जी’ कोरसने गिळलेला. आणि सोंगाड्या कॅमेऱ्याकडे कधी बघत नाही. फडात तो सतत प्रेक्षकाकडेच बघतो, वगाची निम्मी गंमत तिथे असते.

पुढे उलटंही झालं. सत्तरनंतर सिनेमाची गाणी फडात शिरली, मग व्हिडिओ, ऑर्केस्ट्रा. आता यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावला पंचमंडळी जातात, तेव्हा बोलणं बरंचसं रंगबाजीचं, म्हणजे नाच-गाण्यांचं. वगाचं नाव शेवटी निघतं. त्यात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. रीतीने वग मध्यरात्रीनंतर उभा राहायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. आता परवानगीची वेळ संपत आली की आधी कापला जातो तो वगच.