घरफोडीचा अलार्म: स्वतः बसवायचा की माणूस बोलवायचा?

दुकानात येणारे बरेच जण मोबाईलवर ऑनलाइन किटचा फोटो उघडूनच येतात आणि विचारतात, "हे मी घरीच बसवलं तर चालेल का?" आमचा धंदाच बसवून द्यायचा, तेव्हा आम्ही नाही म्हणणार असं त्यांनी धरलेलंच असतं. पण पुष्कळ घरांच्या बाबतीत आमचं उत्तर "चालेल की" असंच असतं. कुठल्या घरात चालेल, कुठल्या घरात चालणार नाही आणि का, ते या पत्रकात सांगितलं आहे. पत्रक घरी न्या, घरच्यांबरोबर वाचा, मग ठरवा.

किट भिंतीवर लावणं अवघड नाही. ज्याला पडद्याचा रॉड बसवता येतो त्याला तेही येतं. अवघड आहे ते विनाकारण वाजणार नाही असं लावणं. आपल्याकडे घरच्या अलार्मची वर्दी आपोआप पोलीस ठाण्यात जात नाही. सायरन वाजतो, तुमच्या मोबाईलवर कॉल किंवा मेसेज येतो, शेजारी खिडकी उघडून बघतात आणि मग कुणीतरी ११२ ला फोन लावतं. सगळी भिस्त शेजाऱ्यांवर. पालीमुळे रात्री दोन वाजता तीनदा वाजलेल्या अलार्मला चौथ्यांदा कोण उठेल? समोरच्या काकू कूस बदलून झोपतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून "मला ड्रिल मारता येतं का" हे विचारण्याआधी "माझ्या घरात हा खोटा वाजू नये एवढं मला जमेल का" हे विचारा.

सेन्सर कुठे लावायचा

किटमध्ये पॅनेल (सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो मुख्य डबा), सायरन, एक-दोन रिमोट, दारांचे मॅग्नेट सेन्सर (दार उघडून चुंबक स्विचपासून लांब गेलं की कळवणारे) आणि एखाद-दुसरा मोशन सेन्सर असतो. त्रास बहुतेक वेळा या मोशन सेन्सरचाच.

मोशन सेन्सर माणूस ओळखत नाही. समोरून उष्णता सरकली की त्याला कळतं, एवढंच. त्यामुळे समोरून आडवा जाणारा माणूस तो लगेच टिपतो, पण सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारा उशिरा. चोराची वाट दारापासून आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे. ती वाट सेन्सरसमोरून आडवी जाईल असा कोपरा निवडा. उंची सात-साडेसात फूट. त्याहून वर लावला तर खालून सरपटत गेलेला दिसत नाही, खाली लावला तर मांजरसुद्धा माणूस ठरते. समोर पश्चिमेची खिडकी नको, एसी नको, हलणारा पडदा नको. देवघराकडे तोंड करून तर मुळीच नको: समईची ज्योत हलते, उष्णता हलते, सेन्सर बिचारा आपलं काम करतो.

उन्हाळ्याची एक वेगळीच गंमत आहे. सेन्सर भिंतीची उष्णता आणि अंगाची उष्णता यांतला फरक बघतो. सांगलीत एप्रिल-मेमध्ये बंद घर तापून ३७-३८ अंशांवर गेलं की फरकच उरत नाही, आणि स्वस्त सेन्सरची नजर मंदावते. चांगल्या सेन्सरमध्ये याची भरपाई करायची सोय असते. खोक्यावर 'टेम्परेचर कॉम्पेन्सेशन' असं लिहिलेलं बघूनच घ्या. घरं बंद राहतात तीही नेमकी मे महिन्याच्या सुट्टीतच.

आणि पाल. सेन्सर लांबवरच्या माणसासाठी बनवलेला असतो, पण पाल त्याच्या काचेवरच चढून बसली तर त्याला ती केवढी मोठी दिसत असेल! ट्यूबलाइटजवळ किडे येतात आणि किड्यांमागे पाली, म्हणून ट्यूबलाइटपासून सेन्सर लांब ठेवा. तो भिंतीला घट्ट बसवा, मागे फट ठेवू नका, वायरचं भोक सिलिकॉनने बुजवा. कोळ्याचं जाळं महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा.

या घरांत स्वतः बसवा

विश्रामबागेतला किंवा मिरज रोडवरचा वन-टू बीएचके फ्लॅट, एकच मुख्य दार, बाल्कनीला ग्रील, अडीअडचणीला शेजारी. अशा घरात वायरलेस किट एका रविवारच्या दुपारी लागतं. भाड्याचं घर असेल तर स्वतःच बसवा. घर बदललं की काढून नेता येतं आणि घरमालकाची बोलणीही खावी लागत नाहीत. डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर डबल टेपवर विसंबू नका, पावसाळ्यात रंगासकट सुटून येते. फिशर घालून दोन स्क्रू मारा.

मॅग्नेट सेन्सर बिजागरीच्या बाजूला लावू नका, दार उघडतं त्या बाजूला वरच्या कोपऱ्यात लावा. घरी पोचल्यावर कोड टाकायला मिळणारी सवड फक्त मुख्य दाराला ठेवा आणि वीस-तीस सेकंदांच्या वर नेऊ नका. कोड म्हणून गाडीचा नंबर आणि जन्मसाल नको. कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कोड द्या, म्हणजे पुढे बदलायची वेळ आली तर घरातल्या सगळ्यांना नवा आकडा पाठ करायला लागत नाही. रात्री आपण घरात असताना फक्त दारं जागी राहतील अशी सेटिंग असते, ती शिकून घ्या. नाहीतर आजी पहाटे बाथरूमला उठल्या की अख्खी बिल्डिंग जागी.

इथे थांबा, आधी बोला

गावभागातले, खणभागातले जुने वाडे. दगडी भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, वायरलेसचा सिग्नल त्यातून धड पलीकडे जात नाही. टेबलावर ठेवून तपासलं तेव्हा किट छान चालतं आणि मागच्या दारावर लावलं की मुकं होतं. शिवाय सागवानी दारं. एका वाड्यात पावसाळा लागला की अलार्म मध्यरात्री वाजायचा, आणि उन्हाळ्यात चकार शब्द नाही. मालकांनी सेन्सर बदलून पाहिला, पॅनेल बदललं. दोष दाराचा होता. दमट हवेने फळी फुगून दार चौकटीत पूर्ण बसत नव्हतं. रात्री वारा आला की कडी-कोयंड्याच्या ढिलाईएवढं दार पुढे-मागे व्हायचं आणि चुंबक स्विचपासून लांब जायचं. सुताराकडून रंधा मारून घेतला, जास्त अंतरावर चालणारा मोठा मॅग्नेट लावला, काम झालं. असली कामं किटच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत.

लोखंडी सेफ्टी दार आणि दुकानाचं शटर यांनाही साधा मॅग्नेट चालत नाही. लोखंड चुंबकाचा जोर खातं, म्हणून शटरचा वेगळा, दणकट सेन्सर येतो. तळमजल्यावर दुकान, वर घर, मागे बोळ अशी गणपती पेठेतली रचना असेल तर वायरचीच सिस्टिम घ्या आणि ती माणसाकडून बसवून घ्या. तासगावकडच्या द्राक्षबागेतलं घर असेल तरीही तेच. तिथे सायरन ऐकायला शेजारी नाही, सगळं मोबाईलच्या रेंजवर.

नवीन बांधकाम चालू असेल तर एवढं कराच: गिलावा होण्याआधी प्रत्येक दाराच्या चौकटीपर्यंत आणि हॉलच्या कोपऱ्यापर्यंत रिकामे पाईप टाकून त्यात ओढतार, म्हणजे पुढे वायर आत ओढून घ्यायची तार, ठेवा. अलार्म पाच वर्षांनी घेतलात तरी चालेल. नंतर भिंत फोडायला अलार्मपेक्षा जास्त खर्च येतो.

वीज, सिम आणि नदी

गावाला जाताना आपण काय करतो? गॅस बंद, नळ बंद आणि मेन स्विच खाली. मेन स्विच पडला की वाय-फायचा राउटर त्याच क्षणी गेला. फक्त वाय-फायवर चालणारं किट तेव्हापासून तुम्हाला काहीही कळवू शकत नाही, आणि तुम्ही मुलाकडे पुण्यात पोचेपर्यंत निर्धास्त. पॅनेलला बॅटरी असते, पण तिलाही हिशेब आहे. नेहमीची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि सगळं मिळून २०० मिलिअँपिअर वीज लागत असेल तर कागदावर ३५ तास. बॅटरी तीन-चार वर्षांची झालेली असेल तर त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. त्यामुळे अलार्मला आणि राउटरला वेगळा एमसीबी (बोर्डातला छोटा सुरक्षा-स्विच) घ्या, मेन बोर्डातून थेट, आणि तेवढा चालू ठेवून बाकीचं घर बंद करा. हे काम मात्र वायरमनचं. किट स्वतः बसवलंत तरी बोर्डात हात घालू नका.

सिमवर चालणारं पॅनेल घेताना ते २जी आहे की ४जी ते विचारा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच पॅनेल २जीची असतात, आणि जिओचं २जी नेटवर्क नाहीच. ते सिम त्यात घातलं तर पॅनेल नेटवर्क शोधत बसतं. सिमचा रिचार्ज हाही दुखण्याचा विषय. अलार्मचं सिम कुणी हातात घेत नाही, त्यामुळे वैधता संपल्याचं कुणाला कळत नाही. घरातल्या ज्या माणसाला वीजबिलाच्या तारखा पाठ असतात त्याच्याकडे हे खातं द्या.

कृष्णाकाठच्या घरांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत शिरलं. तुमच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते तुम्हाला माहीत आहे. पॅनेल, बॅटरी आणि जोडण्या त्याच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर घ्या. पण पुरात वीज दिवसेंदिवस नसते आणि गल्लीत सायरन ऐकायला कुणी उरत नाही. तेव्हा घर सोडताना सोनं-नाणं आणि कागदपत्रं बरोबर न्या. अलार्म विकणारे आम्हीच हे सांगतोय.

बसवणाऱ्याकडून काय मागून घ्याल

खर्चाचं थोडक्यात: वस्तूंची किंमत ऑनलाइन बघितलेल्या किमतीच्या आसपासच असते, फरक पडतो तो मजुरीचा आणि वायरिंगचा. मजुरी जागा बघितल्याशिवाय सांगणाऱ्यावर, मग ते आम्ही का असेना, विश्वास ठेवू नका.

काम संपल्यावर पैसे देण्याआधी दोन कोड मागा: तुमचा रोजचा मास्टर कोड आणि सेटिंगमध्ये जायचा इन्स्टॉलर कोड. दुसरा कोड काही जण स्वतःकडेच ठेवतात. मग मोबाईल नंबर बदलायचा म्हटलं तरी त्यांनाच बोलवायला लागतं. आम्ही दोन्ही कोड बिलाच्या पाठीमागे लिहून देतो आणि ते तुमच्या हाताने बदलून घेतो.

वायरची सिस्टिम असेल तर "रेझिस्टर कुठे बसवलाय?" एवढं विचारा. वायर कुणी कापली किंवा दोन तारा जोडून टाकल्या तर पॅनेलला ते कळावं म्हणून छोटा रेझिस्टर असतो. तो लायनीच्या टोकाला, म्हणजे सेन्सरच्या डबीत असायला हवा. घाईत काम उरकणारे तो पॅनेलच्या डब्यातच बसवतात. सिस्टिम चालते, हिरवा दिवाही लागतो, पण तारा जोडून सेन्सरला बगल दिली तरी पॅनेल गप्प राहतं. स्क्रू काढून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग चालून बघा. पॅनेलला टेस्टवर टाकून मागच्या दाराने आत या, कपाटापर्यंत जा, आधी नेहमीसारखं आणि मग भिंतीला घासून हळूहळू. घरातल्या लहान मुलांना हे काम भारी आवडतं आणि मोठ्यांना न सुचणाऱ्या वाटा तीच शोधतात. चाचणी दुपारी करा, शेजाऱ्यांना आधी सांगून. सायरन तीन ते पाच मिनिटांनी आपोआप बंद होईल अशी वेळ लावा.

सेन्सरमधले सेल वर्षातून एकदा बदला. आमची बरीच गिऱ्हाइकं खंडेनवमीला हत्यारं पुसताना अलार्मही उघडतात, त्यामुळे तारीख विसरत नाही.

किट आधीच घेऊन झालं असेल तर खोकं उघडू नका. तसंच दुकानात घेऊन या, घराच्या साध्या नकाशासह. वहीच्या पानावर पेनने काढलेला चालतो, फक्त दारं, खिडक्या, कपाट आणि देवघर दाखवलेलं असावं. कुठला सेन्सर कुठे लावायचा ते त्यावर खुणा करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. जे किट तुमच्या घरात चालणार नाही ते परत करा असंही सांगतो, म्हणूनच खोकं बंद हवं.