तोंडी ‘नाही’ म्हणजे निकाल नव्हे

निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला कोकणातल्या वाड्या-वाड्यांतून म्हातारी माणसं तालुक्याला येतात. खिडकीवर ‘होणार नाही’ ऐकलं की दुपारच्या एसटीनं परत. ‘एकदा नाही म्हणाले की संपलं’ हा समज गावोगाव पक्का बसला आहे.

तो चुकीचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार, अधिसूचित, म्हणजे सरकारनं या कायद्याखाली जाहीर केलेल्या सेवेचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी कळवावं लागतं. एवढंच नाही, अपील किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचं, हेही त्याच पत्रात सांगावं लागतं. उत्पन्नाचा दाखला ही अशीच सेवा आहे.

पहिल्या अपिलाचे ३० दिवस तो नकार हाती पडल्यापासून मोजायचे, खिडकीवरच्या बोलण्यापासून नव्हे. उत्तरच आलं नाही, तर सेवा देण्याची ठरलेली मुदत संपल्यापासून. पावसाळ्यात घाट बंद होतात, किंवा कोणी आजारी पडतं. अशा अपवादात्मक कारणानं उशीर झाला, तर ९० दिवसांपर्यंतही अपील स्वीकारता येतं. ते अधिकाऱ्याच्या हाती असतं, म्हणून कारण अर्जातच लिहा.

मात्र अर्ज तोंडी करू नका. पोच घ्या, तारखेसकट. तिच्याशिवाय मुदत कधी सुरू झाली हे दाखवणं फार कठीण जातं.