लिव्ह अँड लायसन्स करार संपल्यावर डिपॉझिट परत मिळण्याची पद्धत, घरमालकाची जबाबदारी आणि लागणारी कागदपत्रे

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणारा करार, केला जातो आणि त्यात अनामत रक्कम, म्हणजेच डिपॉझिट, परत करावयाची रक्कम म्हणून नोंदवलेली असते. पैसे भाडेकरूचेच असतात. थकबाकी किंवा नुकसान निघाल्यास ते वळते करता यावे, एवढ्यासाठी ते मालकाकडे ठेवलेले असतात. म्हणून जो मालक कपात करतो, त्यानेच तिचे कारण आणि हिशेब दाखवला पाहिजे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते. त्यामुळे तोंडी व्यवहारावर राहिलेल्यांनीही आपला हक्क सोडून देऊ नये.

डिपॉझिट किती दिवसांत परत करावे, हे करारातील अटीवरून ठरते. रूढ मसुद्यात रिकाम्या घराचा ताबा मिळताच, देणी वजा करून, रक्कम परत करण्याची अट असते. 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत घेण्याची मर्यादा आहे. मात्र तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना असल्याने, राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्यावर बोट ठेवता येत नाही.

थकलेले भाडे, वीजबिल, पाईप गॅसचे बिल आणि भाडेकरूच्या हातून झालेली मोडतोड यांची कपात रास्त आहे. वापराने होणारी झीज मात्र त्यात धरू नये. शेगडीमागच्या भिंतीचा रंग तीन वर्षांत पिवळा पडला तर ती झीज; बेसिनला तडा गेला तर ते नुकसान. करारात काहीही लिहिलेले नसताना रंगकामाच्या नावाखाली सरसकट महिन्याचे भाडे कापणे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. लॉक-इन काळ, म्हणजे घर मध्येच सोडायचे नाही असा करारात ठरलेला काळ, मोडल्यास सगळे डिपॉझिट जप्त होईल, असे करारात असले तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईपुरताच हक्क उरतो.

सर्वांत जास्त गोंधळ चाव्या देताना होतो. 'आधी डिपॉझिट, मग चावी' असे म्हणून भाडेकरू मुदतीनंतरही घरात थांबला, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार त्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते आणि मागायला गेलेली रक्कम त्यातच संपते. त्यामुळे घर वेळेवर सोडावे, पण ताबा पावती घेऊनच. तीत तारीख, किती चाव्या दिल्या, मीटरचे रीडिंग आणि प्रत्येक खोलीची स्थिती लिहून दोघांच्या सह्या असाव्यात. त्याच दिवशी घराचे व मीटरचे फोटोही काढून ठेवावेत. मालक पावती द्यायला तयार नसेल, तर ताबा देण्यास तयार असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवावे.

करारात परवानाधारक, म्हणजे भाडेकरू, म्हणून ज्याचे नाव आहे, त्यानेच परताव्याची मागणी करावी. त्यासाठी नोंदणीकृत करार व इंडेक्स टू (नोंदणी झाल्यावर मिळणारा कराराचा सारांश), डिपॉझिट भरल्याचा बँक तपशील, भाड्याच्या पावत्या, शेवटची भरलेली बिले, घर सोडण्याची नोटीस, ताबा पावती आणि स्वतःच्या बँक खात्याचा तपशील जवळ ठेवावा.

रक्कम न मिळाल्यास ठराविक मुदत देऊन स्पीड पोस्टाने, नोंदणी व पोचपावतीसह, मागणीची नोटीस पाठवावी. व्याज कायदा, 1978 खाली नोटिशीच्या तारखेपासूनही व्याज मिळू शकते, म्हणून नोटिशीत ते स्पष्ट शब्दांत मागावे. पोलीस असा वाद सहसा दिवाणी मानतात, तेव्हा पुढचा मार्ग दिवाणी दाव्याचा असतो. दावा रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. 'पुढच्या महिन्यात देतो' अशा तोंडी आश्वासनाने ही मुदत वाढत नाही. ती संपण्यापूर्वी मालकाने लेखी व सहीनिशी देणे कबूल केले, तरच त्या तारखेपासून ती नव्याने मोजली जाते.