खाणावळ (गिरणगावातील)

मुंबईच्या लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांत गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण देणारा घरगुती व्यवसाय. तो बहुधा कामगारांच्या बायका किंवा विधवा चाळीतल्या खोलीतच चालवीत.

मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. मात्र खाणावळींचा आरंभ इतका मागे नेणे धाडसाचे ठरेल. रत्नागिरी, सातारा भागांतून एकटे पुरुष मोठ्या संख्येने आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, आणि खाणावळींचा विस्तारही त्याच सुमाराचा असावा. उगमाविषयी दोन मते आहेत. माणसे हाताशी राहावीत म्हणून जॉबरांनी, म्हणजे गिरणीत कामगार भरती करणाऱ्या मुकादमांनी, खाणावळी उभ्या केल्या, हे एक. बिऱ्हाड केलेल्या बाईने गावाकडच्या दोन-चार पोरांना जेवू घालण्यातून त्या वाढल्या, हे दुसरे. काही जॉबर खाणावळी चालवीत हे खरे. तरीही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण व्यवहाराचा सगळा डोलारा उधारीवर होता आणि ती उधारी वचकापेक्षा ओळखीवर चाले.

जेवण रोजचे, पैसे मात्र पगाराला. नवा माणूस चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने येई. त्याने पैसे बुडवले तर बोभाटा थेट गावी पोचे. खाणावळवालीकडे किती पाने उठतात हे वाण्याला ठाऊक असे, म्हणून तो तिला तांदूळ-ज्वारी उधार देई. कोकणी खाणावळीत भात-मासळी, घाटावरच्या खाणावळीत भाकरी-कोरड्यास, अशी गावची चवही राखली जाई. ही ओळख बरीचशी जातीच्या आणि तालुक्याच्या कुंपणात राहिली, हे नोंदवले पाहिजे. शिवाय संपाच्या काळात गाववाल्याचे पान बंद करणे बाईला जड जाई, वाण्याचे देणे तिच्याच अंगावर चढे आणि दागिने सावकाराकडे जात.

या कोंडीवर उपाय शोधला तो प्रेमा पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या या कार्यकर्तीने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बँकेकडे तारण ठेवायला या बायकांजवळ काही नव्हते. म्हणून एकाच वस्तीतल्या खाणावळवाल्यांचे गट करून त्यांनी एकमेकींना जामीन राहायचे ठरले, आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळू लागली. चाळीतल्या शेजाराला बँकेच्या कागदावर किंमत आली, हे या कामाचे खरे मोल होय.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुढे मंडळाने कार्यालयांना जेवण पुरवण्याचे कामही हाती घेतले.