अंगणाखालची तेलाची टाकी

घराच्या भिंतीलगत जमिनीतून वर आलेली, टोकाशी वाकवलेली लोखंडी नळी. तिच्यापासून काही फुटांवर गवतात बुडालेलं एक गोल झाकण. आणि बेसमेंटच्या भिंतीतून आत येऊन मध्येच कापलेल्या, तोंड ठेचून बंद केलेल्या दोन बारीक तांब्याच्या नळ्या. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट या भागात जुनं घर बघताना यांपैकी एक खूण दिसली तरी अंगणात तेलाची टाकी पुरलेली असण्याची दाट शक्यता धरावी. वाकडी नळी टाकीतली हवा बाहेर जाण्यासाठी, झाकणाखाली तेल भरायचं तोंड, आणि तांब्याच्या नळ्या घर तापवणाऱ्या बर्नरपर्यंत तेल नेण्या-आणण्यासाठी.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हे प्रकरण बहुधा घराच्या तपासणीच्या वेळीच पहिल्यांदा कळतं. आपल्याकडे घर उबदार ठेवायला तेल जाळावं लागत नाही, त्यामुळे लॉनखाली दोन हजार लिटरची लोखंडी टाकी असू शकते हे डोक्यातच येत नाही. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर घरातला कोळसा मागे पडला आणि तेल आलं. २७५ गॅलनची टाकी बेसमेंटमध्ये मावते; ५५० गॅलनची (सुमारे २,०८० लिटर) किंवा १,००० गॅलनची (सुमारे ३,७८५ लिटर) टाकी बाहेर पुरत. पुढे गॅसची लाइन आली, फर्नेस (घर तापवायची भट्टी) बदलली आणि टाकी जागच्या जागी राहिली, कित्येकदा आतल्या तेलासकट. जमिनीखालच्या टाक्यांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८८ मध्ये नियम केले, पण त्याच जागेत जाळायच्या तेलाच्या टाक्या त्यातून वगळल्या. म्हणून अशी टाकी नेमकी कुठे आहे याची सरकारी नोंद बहुतेक वेळा सापडत नाही. ती मेटल डिटेक्टरने किंवा जमिनीत रडार लहरी सोडून शोधावी लागते.

पोलादी पत्रा साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा. तेलाने तो गंजत नाही. गंजतो तो पाण्याने, आणि दोन्ही बाजूंनी. बाहेरून पाहिलं तर टाकीचा वरचा भाग मोकळ्या, हवेशीर भरावात असतो आणि तळ ओल्या, चिकट मातीत. एकाच धातूच्या दोन भागांना वेगवेगळा ऑक्सिजन मिळाला की त्यांच्यात विजेचा छोटा घट तयार होतो, आणि कमी ऑक्सिजनचा भाग झिजतो, म्हणजे तळ. भरावात राहिलेली एखादी वीट किंवा मातीचं ढेकूळ पत्र्याला चिकटलं तर त्याखालीही हेच होतं. जोडलेल्या तांब्याच्या नळ्या पोलादाचा ऱ्हास आणखी वाढवतात. आतून तेलावरच्या मोकळ्या जागेत दव धरतं, ते पाणी जड म्हणून तळाशी जाऊन बसतं, आणि तेल-पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून आम्लं तयार करतात. तेल किती उरलं हे बघायला वर्षानुवर्षं मोजकाठी घातली जाते. ती दर वेळी भरण तोंडाच्या बरोबर खाली आपटते, गंजाचा थर तेवढ्या जागी खरवडला जातो आणि खाली नवा पत्रा उघडा पडतो. बाहेर काढलेल्या टाकीत छिद्र शोधताना ही जागा आधी बघावी.

त्यामुळे पत्रा सगळीकडे सारखा झिजत नाही, सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. ते खड्डे गंजानेच बुजलेलेही असतात. म्हणून जुन्या टाकीत हवेचा दाब भरून गळती तपासणं हा वाईट मार्ग आहे: तपासणीनेच गंजाचं बूच उडतं. तिच्या बाजूची माती ड्रिलने काढून प्रयोगशाळेत पाठवलेली बरी.

काढायचं ठरलं की आधी गावाच्या बांधकाम कार्यालयाचं परमिट. मग ८११ वर, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला, फोन. न्यू जर्सीत हा फोन खोदण्याच्या किमान ३ कामकाजाचे दिवस आधी करावा लागतो. माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी टेलिफोन-केबल. मात्र मीटरच्या पुढच्या खासगी लाइनी त्या खुणांत सहसा नसतात. लॉनचे फवारे, बाहेरच्या शेगडीचा गॅस, पोहण्याच्या तलावाच्या दिव्याची वायर हे घरमालकानेच दाखवावं लागतं, आणि खोदताना तुटतं तेही बहुधा हेच.

टाकी आधीच उपसून ठेवू, काढू सावकाश, हा विचार महागात पडतो. ५५० गॅलनची टाकी म्हणजे साधारण ४ फूट व्यास, ६ फूट लांबी, वजन अडीचशे ते साडेतीनशे किलो. भूजल वर आलं आणि टाकी पूर्ण बुडाली, तर ती दोन टनांहून जास्त पाणी बाजूला सारते. वरचा दोन-तीन फूट मातीचा थर तिला दाबून ठेवेल याची खात्री नसते. कोकणात पावसाळ्यात रिकामी पुरलेली प्लास्टिकची टाकी वर उसळून येते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे वर येताना नळ्या तुटून उरलेलं तेल मातीत जातं.

काम एका दिवसात होतं. आधी फक्त माथा उघडा करतात आणि हवेतले वायू मोजणारं मीटर आत सोडतात. ऑक्सिजन बाहेर २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर माणूस आत जाऊ शकत नाही, आणि ज्वलनशील वाफ स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेत जेवढी वाफ झाली की स्फोट होऊ शकतो तिच्या) १० टक्क्यांवर असली तरीही नाही. या तेलाची वाफ पेट घ्यायला तेल निदान ३८ अंश सेल्सियस तापावं लागतं, म्हणून थंड जमिनीतल्या टाकीत ती सहसा पेटत नाही. गॅस कटर लावला की हे समीकरण उलटतं: पत्रा तापतो, चिकटलेला गाळ उकळून वाफ होते आणि ठिणगी तर तिथेच असते. माथा कापायला हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी किंवा ठिणगी न उडवणारी कात्री वापरतात.

तेल व्हॅक्यूम ट्रकने उपसतात. खाली उरतो काळा, लापशीसारखा गाळ. तो रबरी फळीने ओढून, शोषक भुसा टाकून, चिंध्यांनी पुसून ५५ गॅलनच्या पिंपात भरतात. आतून कोरडी झाल्याशिवाय टाकी उचलायची नाही, कारण पट्ट्यात अडकवून वर घेताना गंजका तळ फाटला तर उरलेलं तेल खड्ड्यात सांडतं आणि स्वच्छ मातीची चाचणी त्या सांडलेल्या तेलामुळे बिघडते. खड्डा सहा-सात फूट खोल होतो. पाच फूट किंवा त्याहून खोल खड्ड्यात भिंतींना आधार किंवा उतार दिल्याशिवाय कामगाराने उतरायचं नाही, हा अमेरिकन सुरक्षा नियम आहे. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते, कंबरेपर्यंत जरी कोसळली तरी माणूस निघत नाही.

टाकी बाहेर आली की लोक छिद्रं मोजायला धावतात. खरं बघायचं असतं ते खड्ड्यात. छिद्र आहे पण वरच्या भागात, तर तेल तिथून गेलंच असेल असं नाही. टाकी अखंड आहे, तरी भरताना वर्षानुवर्षं सांडलेलं किंवा नळ्यांच्या जोडांतून झिरपलेलं तेल खाली असू शकतं. एडिसनच्या बाजूला जमीन लालसर. हा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. तेल खाणारे जीवाणू ऑक्सिजन संपवतात, लोहाचं रूप बदलतं आणि माती राखाडी-हिरवट पडते. लाल भिंतीत असा पट्टा दिसला तर नाक लावायची गरज नाही, पण लावलंच तर डिझेलच्या वासात डांबरगोळीची छटा येते, कारण तेलात नॅप्थलीन असतं. वाफ मोजणाऱ्या हातातल्या मीटरवर भिस्त ठेवू नये: पेट्रोलपेक्षा हे तेल फार कमी उडतं, त्यामुळे कमी आकडा म्हणजे माती स्वच्छ असा अर्थ होत नाही. खड्ड्यातल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग असेल तर काडीने मोडून पाहावा. लोहजीवाणूंचा तवंग काचेसारखा तुकड्यांत फुटतो, तेलाचा पुन्हा एक होतो. निकाल मात्र तळाच्या मातीचे नमुने काचेच्या बरणीत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत गेल्यावरच.

गळती निघाली तर तत्काळ राज्याच्या पर्यावरण विभागाला कळवावं लागतं, आणि खर्च घराच्या आकारावर नव्हे, मातीच्या टनांवर ठरतो. तेल सरळ खाली जातं, भूजलाला टेकलं की त्यावर पसरतं, आणि पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वर-खाली होताना मातीच्या जाड थराला माखून टाकतं. म्हणून दोन फूट खोदून काम संपेल असं वाटतं आणि संपत नाही. घराचे साधे विमे प्रदूषण बहुधा वगळतात, तेव्हा पॉलिसी आधी वाचावी. माती पायाच्या जवळ असेल तर पायाच्या तळापासून ४५ अंशांच्या रेषेच्या आत इंजिनिअरला विचारल्याशिवाय खोदू नये. पायाखालचा आधारच निघतो.

टाकी पायाला किंवा झाकलेल्या व्हरांड्याला चिकटून असेल तर ती आतून साफ करून, तळाला छिद्रं पाडून खालच्या मातीचे नमुने घेऊन, वाळूने किंवा पातळ सिमेंट-वाळूने भरून जागीच बंद करता येते. नमुने न घेता नुसती वाळू भरून बंद केलेल्या जुन्या टाक्याही भरपूर आहेत. पुढच्या गिऱ्हाइकाचा वकील त्या पुन्हा उघडायला लावतो.

खड्डा स्वच्छ मातीने एकेक फूट भरून प्रत्येक थर दाबावा, नाहीतर पहिल्या हिवाळ्यानंतर अंगणात टाकीच्या आकाराची बशी दिसते. परमिटवरची इन्स्पेक्टरची मंजुरी, प्रयोगशाळेचा अहवाल, गाळ नेल्याचं चलन आणि भंगारवाल्याची टाकीची पावती एकत्र ठेवावी. घर विकताना चारही मागितले जातात. आणि भिंतीलगतची नळी व भरण तोंड त्याच दिवशी उपटून न्यायला सांगावं. टाकी गेली पण तोंड राहिलं, आणि चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टँकरवाल्याने त्यात पाइप लावला, तर शेकडो गॅलन नवं तेल नुकत्याच भरलेल्या मातीत किंवा थेट बेसमेंटमध्ये ओतलं जातं.