करवीर विधानसभा मतदारसंघ : मतदान आणि गटनिष्ठा

करवीर हा कोल्हापूर जिल्ह्यातील, कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात मोडणारा, ग्रामीण विधानसभा मतदारसंघ आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर तो २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आला. त्यात करवीर व पन्हाळा तालुक्यांचा काही भाग आणि गगनबावडा तालुका यांचा समावेश होतो. त्याआधी यातील बराचसा भाग सांगरूळ मतदारसंघात होता. मतदानाच्या टक्केवारीत करवीर राज्यात वरच्या क्रमांकावर असतो. २०१९ मध्ये येथे ८३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, तर त्याच निवडणुकीत मुंबईतील कुलाब्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याची सरासरी ६६ टक्के असताना करवीरमध्ये सुमारे ८५ टक्के मतदारांनी मतदान केले आणि हा आकडा राज्यात सर्वाधिक ठरला.

या मतदानाचे मूळ सहकारात आहे. कुंभी, कासारी, भोगावती आणि तुळशी या नद्यांच्या काठचा हा ऊसपट्टा असून कुडित्रे येथील कुंभी-कासारी आणि परिते येथील भोगावती हे सहकारी साखर कारखाने येथील राजकारणाची दोन केंद्रे आहेत. त्यांच्या जोडीला गावोगावच्या विकास सेवा संस्था (शेतीकर्ज देणाऱ्या सोसायट्या), दूध संस्था, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि ‘गोकुळ’ दूध संघ आहे. येथील शेतकरी पाच वर्षांत अनेकदा मत देतो : कधी कारखान्याचा सभासद म्हणून, कधी सोसायटीसाठी, कधी ग्रामपंचायतीसाठी. गावात दोन गट असतील तर बहुधा दूध संस्थाही दोन असतात, आणि सकाळ-संध्याकाळ दूध कोणत्या संस्थेत घातले जाते यावरून त्या घराचा गट साऱ्या गावाला माहीत असतो. अशा ठिकाणी विधानसभेची निवडणूक ही वर्षभर चाललेल्या मोजणीची मोठी फेरी ठरते.

मतदानाच्या दिवशी हे अगदी जवळून दिसते. केंद्राबाहेरच्या मंडपात गटाचा कार्यकर्ता मतदारयादी घेऊन बसतो, मत देऊन आलेल्याच्या नावावर खूण करतो आणि दुपारी उरलेली नावे वाचून दाखवतो. मग कोणाला शेतातून बोलावणे जाते, कोणा वृद्धेला खुर्चीत बसवून आणले जाते, आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेल्यांच्या गाड्या आदल्या रात्रीच गावात पोचलेल्या असतात. ‘ईर्षेनं मतदान’ हा येथील नेहमीचा शब्दप्रयोग याच चढाओढीतून आला आहे. या ईर्षेला भाऊबंदकीची कडू बाजूही आहे, ती नाकारता येत नाही; मात्र मत देणे हे आपले काम आहे ही जाणीव तिच्यामुळेच घरोघर मुरली आहे, असे येथे म्हणावे लागते.

राजकीय कलाच्या दृष्टीने हा भाग एकेकाळी शेतकरी कामगार पक्षाचा होता. शेकापचे संपतराव पवार-पाटील सांगरूळचे आमदार होते; त्यांचे आणि काँग्रेसचे पी. एन. पाटील यांचे गाव एकच, सडोली खालसा. २००९ पासून लढत पी. एन. पाटील आणि शिवसेनेचे चंद्रदीप नरके यांच्यात स्थिरावली. २००९ मध्ये नरके विजयी झाले. २०१४ मध्ये ते अवघ्या ७१० मतांनी निवडून आले, म्हणजे एका मतदान केंद्रामागे जेमतेम दोन-तीन मतांचा फरक होता. दुपारी यादी वाचून उरलेल्यांना का आणले जाते, याचे उत्तर या आकड्यात आहे. २०१९ मध्ये पाटील सुमारे २२ हजारांच्या फरकाने विजयी झाले.

पक्षाचे नाव पाहून येथील कौल समजत नाही. २०२१ च्या ‘गोकुळ’ निवडणुकीत काँग्रेसचे आमदार असलेले पी. एन. पाटील हे काँग्रेसचेच मंत्री सतेज पाटील यांच्या विरोधी आघाडीत, संघातील तेव्हाच्या सत्ताधारी गटाचे नेते महादेवराव महाडिक यांच्यासोबत होते, आणि त्यामुळे कोणा मतदाराचा गोंधळ उडाला नाही. मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरातून काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले, तेव्हा करवीरने त्यांना मोठी आघाडी दिली. मतदानानंतर सोळा दिवसांनी, २३ मे रोजी, पी. एन. पाटील यांचे निधन झाले. सहा महिन्यांनी त्यांचे पुत्र राहुल पाटील यांचा शिवसेनेच्या (शिंदे गट) नरके यांनी १,९७६ मतांनी पराभव केला. लोकसभेला काँग्रेसचे उमेदवार कोल्हापूरच्या राजघराण्यातील होते. विधानसभेला मात्र पुन्हा कुंभी कारखान्याचा नरके गट आणि भोगावती कारखान्याचा पाटील गट समोरासमोर आले.

ऑगस्ट २०२५ मध्ये राहुल पाटील यांनी अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला. त्यामुळे करवीरचे दोन्ही परंपरागत गट राज्यातील एकाच सत्ताधारी महायुतीत आले.